जेंटामायसिनची सुई, बाळाचे कान आणि आईकडून आलेल्या तंतुकणिका

वैनगंगाकाठ :

नमस्कार. मी आरमोरी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. जन्मानंतर नवव्या दिवशी त्याने अंगावरचे दूध ओढणे सोडले, हातपाय गार पडले आणि श्वास जोरजोराने चालू लागला. दवाखान्यात रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले आणि त्याला इतर औषधांबरोबर सात दिवस जेंटामायसिनच्या सुया देण्यात आल्या. बाळ वाचले. पुढे तो दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना, तेव्हा घरचे लोक म्हणत राहिले की मुलगे उशिराच बोलतात. त्यात आणखी एक वर्ष गेले. अखेर बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते पाहणाऱ्या) तपासणीत दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे कळले.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. अहवालात असे लिहिले आहे की तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी 'ए' ऐवजी 'जी' हे अक्षर आहे. गर्दी होती, डॉक्टरांना वेळ नव्हता. "हे आईकडून येते" एवढेच एक वाक्य त्यांनी सांगितले. ते वाक्य माझ्या भाऊजींनी घरी जसेच्या तसे सांगितले आणि त्या दिवसापासून बहीण कोणाशी फारसे बोलत नाही.

मी विज्ञान शिकवते. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. परंतु जिवाणू मारणारे औषध या ऊर्जाकेंद्रापर्यंत का पोहोचते आणि त्यात कानच का जातो, हे मला सांगता येत नाही. विचारण्याचे दुसरे कारण असे की आम्ही दोघी बहिणी एकाच आईच्या आहोत आणि मला सध्या सातवा महिना सुरू आहे.

तालुक्याचा_डॉक्टर :

ताई, सर्वांत आधी आपल्या बहिणीला हे सांगा की आईकडून येणे आणि आईमुळे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने काही खाल्ले, काही चुकवले किंवा काही लपवले म्हणून हे झालेले नाही. तिच्या आईकडून तिला जे मिळाले तेच तिने पुढे दिले, आणि ते तिला कधी दिसलेही नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फार पूर्वी, दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी, एक स्वतंत्रपणे जगणारा जिवाणू दुसऱ्या एका पेशीच्या आत गेला आणि तेथेच मुक्कामी राहिला. तंतुकणिका हे त्याचे वंशज आहेत. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये ही मांडणी केली तेव्हा तिला बराच विरोध झाला, परंतु आज ती पाठ्यपुस्तकांत आहे. इतका काळ लोटूनही या पाहुण्याने आपले घराणे पूर्णपणे सोडलेले नाही. त्याचा डीएनए केंद्रकातील डीएनएपासून वेगळा, वर्तुळाकार आणि अगदी छोटा आहे. त्यात १६,५६९ अक्षरे आणि केवळ ३७ जनुके आहेत, आणि हा सगळा मजकूर १९८१ मध्ये केंब्रिज येथे वाचला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रथिने घडवणारी त्याची रायबोझोम ही आपल्या पेशीतील इतर रायबोझोमपेक्षा जिवाणूंच्या रायबोझोमशी अधिक मिळतीजुळती आहेत.

जेंटामायसिन, अमिकॅसिन, कॅनामायसिन आणि पूर्वी क्षयरोगावर सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच कुळातील औषधे आहेत. ती जिवाणूच्या रायबोझोममधील एका ठराविक खाचेत जाऊन बसतात. त्यामुळे प्रथिने चुकीची घडतात आणि जिवाणू मरतो. माणसाच्या तंतुकणिकेतील त्याच खाचेचा आकार थोडा वेगळा असल्यामुळे औषध तेथे नीट बसत नाही, आणि आपण वाचतो. १५५५ क्रमांकाचे अक्षर नेमके त्या खाचेच्या जागी येते. तेथे 'ए' चा 'जी' झाला की खाचेचा आकार जिवाणूच्या खाचेसारखा होतो, आणि औषधाला जिवाणू व तंतुकणिका यांत फरक करता येत नाही. औषधाने बहिरेपण आलेल्या काही कुटुंबांमध्ये हा बदल १९९३ मध्ये प्रथम ओळखला गेला.

कानच का, याचे उत्तर असे. आतल्या कानातील शंखाकृती भागात केसपेशी नावाच्या पेशी असतात. त्या जन्माच्या वेळी असतात तेवढ्याच. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यांना सतत ऊर्जा लागते, आणि या कुळातील औषध त्यांच्यात शिरते ते लवकर बाहेर पडत नाही. ज्याच्याकडे हा बदल नाही अशा मुलालाही मात्रा जास्त झाली, दिवस वाढले किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसले, तर या औषधाने कान जाऊ शकतात. ज्याच्याकडे हा बदल आहे त्याला मात्र योग्य मात्रेतील थोड्या सुयाही पुरेशा होतात, कधीकधी एकसुद्धा.

कोरडवाहू :

मी घाटंजीकडचा शेतकरी. हे वाचून माझ्या मनात एकच भीती आली, ती स्पष्टपणे लिहितो. आमच्या गावात या धाग्यातला अर्धा मजकूर जरी मोबाइलवर फिरला, तरी लोक उद्यापासून तान्ह्या बाळाला सुई देऊ देणार नाहीत. आधीच बाळ आजारी पडले की दोन दिवस झाडपाला आणि अंगारा यांत जातात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी अशीच अकराव्या दिवशी गेली. त्या वेळी कोणतीही सुई मिळाली असती तर आम्ही कानाचा विचार केला नसता.

उपकेंद्राची_ताई :

दादांचे म्हणणे मला मनापासून पटले. मी बावीस वर्षे धानोरा भागातील उपकेंद्रांवर नर्स म्हणून काम केले आहे, म्हणून या औषधाची दुसरी बाजू मी सांगितली पाहिजे.

जेंटामायसिनचा इतिहास आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे शिकवले गेले; लक्षणे दिसली आणि पालक रुग्णालयात जाण्यास तयार नसले, तर त्या बाळाला जेंटामायसिनची सुई आणि तोंडावाटे कोट्रायमोक्साझोल देत असत. रक्तातील जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ही माहिती १९९९ मध्ये जगासमोर आली. २०१४ मध्ये केंद्र शासनाने, रुग्णालयात पाठवण्यापूर्वी किंवा पाठवणे शक्य नसल्यास, आमच्यासारख्या नर्सबाईंनी दोन महिन्यांखालील आजारी बाळाला जेंटामायसिन देण्यास अनुमती दिली.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमच्याकडची काही गावे तीन-तीन दिवस तुटतात. अशा गावात रात्री कंदिलाच्या उजेडात दीड किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचताना माझे हात थरथरत असत. त्यांपैकी एक मुलगी आज बारावीत आहे आणि मला मावशी म्हणते. म्हणून या औषधाविषयी लिहिताना हे दोन्ही एकत्र लिहिले जावे, अशी माझी विनंती आहे.

आम्ही जे पाळत आलो तेही सांगते. वजन केल्याशिवाय मात्रा काढायची नाही. अंदाजाने सुई भरायची नाही. दिलेल्या प्रत्येक सुईची तारीख आणि मात्रा कागदावर लिहून तो कागद बाळाबरोबर पाठवायचा, कारण पुढच्या दवाखान्यात तीच सुई नव्याने मोजायला सुरुवात होते आणि दिवस दुप्पट होतात. बाळाची लघवी कमी झाली असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायचे, कारण हे औषध लघवीवाटेच बाहेर पडते. मात्र आईच्या माहेरी कोणाचे कान गेले आहेत का, हा प्रश्न आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवला गेला नव्हता. "हे आईकडून येते" हे वाचून तो आज प्रथमच माझ्या मनात आला, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तालुक्याचा_डॉक्टर :

ताईंनी जो प्रश्न पकडला तोच या धाग्याचा गाभा आहे, असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये एका मोठ्या पाहणीत साधारण पाचशे मुलांमागे एकाकडे हा बदल सापडला. बदल असलेल्या या मुलांचे ऐकणे सात ते नऊ वर्षे वयापर्यंत चांगले होते. म्हणजे हा बदल असणे हे स्वतः बहिरेपण नव्हे. काही घराण्यांत औषधाशिवायही वय वाढेल तसे ऐकणे कमी होत जाते, काहींत आयुष्यभर काहीच होत नाही. परंतु सुई दिली गेली तर धोका एकदम वाढतो. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये याविषयी इशारा दिला. मँचेस्टर येथे बाळाच्या गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावरून सुमारे २६ मिनिटांत हा बदल शोधणारे यंत्र नवजात कक्षात वापरून पाहिले गेले, आणि २०२३ मध्ये तेथील राष्ट्रीय संस्थेने त्याच्या वापराची सशर्त शिफारस केली. २६ मिनिटांचे महत्त्व असे की आजारी नवजात बाळाला तासाभरात पहिली मात्रा मिळाली पाहिजे. उत्तर त्याआधी आले तरच ते कामाचे.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात असे यंत्र नाही. तेथे आपल्याकडे आहे तो घराण्याचा इतिहास. तंतुकणिका केवळ आईच्या बीजांडातून येतात. शुक्राणूबरोबर आलेल्या वडिलांच्या तंतुकणिका गर्भात नष्ट केल्या जातात. त्यामुळे प्रश्न विचारायचा तो आईच्या माहेरच्या बायकांच्या ओळीविषयी : आई, आजी, पणजी, आणि या बायकांना झालेली मुले-मुली. मामा आणि मावशी त्यात येतात; मावशीची मुले येतात; मामाची मुले येत नाहीत, कारण मामाला हा बदल मिळतो परंतु तो पुढे देत नाही. आपल्याला भाऊ असतील, ताई, तर त्यांनी स्वतः या सुयांपासून जपावे. त्यांच्या मुलांना ही काळजी नाही.

आणि दादा, आपल्या भीतीचे उत्तर. इतिहास मिळाला म्हणजे उपचार नाकारायचे नाहीत, औषध बदलायचे. सेफोटॅक्झिमसारखी औषधे जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात, आणि तंतुकणिकेला पेशीभित्तिका उरलेलीच नाही. जेथे जेंटामायसिनशिवाय दुसरे काहीच हाताशी नाही आणि बाळ मरणाच्या दारात आहे, तेथे मी स्वतः तीच सुई देईन आणि वाचलेल्या बाळाचे कान तपासायला पाठवीन.

पळसफूल :

मी वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टरसाहेबांच्या लिखाणाला एक पुस्ती जोडते, कारण केवळ एकाच कुळातील औषधांवर दोष येऊ नये.

जिवाणूच्या रायबोझोमवर काम करणारी बहुतेक औषधे थोड्याफार प्रमाणात तंतुकणिकेलाही ओळखतात. विषमज्वरासाठी एके काळी घरोघरी माहीत असलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे त्याचे जुने उदाहरण. त्याची मात्रा वाढली की अस्थिमज्जेतील तंतुकणिकांची प्रथिननिर्मिती थांबते आणि रक्त कमी होते. नवजात बाळाचे यकृत ते औषध बाहेर टाकू शकत नाही. अशी बाळे राखाडी पडून दगावल्याची नोंद १९५९ मध्ये झाली. आजचे उदाहरण म्हणजे लिनेझोलिड. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते मुलांनाही द्यावे लागते आणि त्याने जीव वाचतात; परंतु महिनोन्‌महिने दिल्यास रक्तपेशी घटणे, पायांना मुंग्या येणे, दृष्टी मंदावणे आणि रक्तात आम्ल साचणे हे परिणाम होतात, आणि ते तंतुकणिकेच्या रायबोझोमवरील परिणामामुळेच होतात. ज्या घरी असे मूल आहे त्यांनी रक्ततपासणीची तारीख चुकवू नये. पायांना मुंग्या येतात किंवा फळ्यावरचे दिसत नाही असे मुलाने म्हटले, तर ते अभ्यास टाळण्याचे कारण समजू नये.

विदर्भात पावसाळ्यानंतर गवतातील चिगर माइट या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ होती. त्याचा जिवाणू ओरिएन्शिया हा रिकेट्सिएलिस या गणातील आहे. तंतुकणिकांचे जिवंत जिवाणूंतील जवळचे नातेवाईक याच गणात शोधले गेले. १९९८ मध्ये प्रलापक सन्निपात ज्वराच्या (टायफसच्या) रिकेट्सिया जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तंतुकणिकेशी असलेले साम्य पाहून सगळेच चकित झाले होते. ते नाते नेमके किती जवळचे, यावर आजही वाद आहे. परंतु बांधावरच्या गवतातून येणारा ताप आणि आपल्या पेशीतील ऊर्जाकेंद्र हे एका मोठ्या कुळातील आहेत, हे वर्गात सांगताना मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते. या तापावर डॉक्सिसायक्लिन हे औषध आहे. तेही रायबोझोमवरच काम करते, आणि उंदरांमध्ये व प्रयोगशाळेतील पेशींमध्ये ते तंतुकणिकांची प्रथिने घडण्यात अडथळा आणते असे दिसले आहे. तरीही या आजारात लहान मुलांनाही ते थोड्या दिवसांसाठी दिले जाते आणि दिलेच पाहिजे. उंदरांवरील निष्कर्ष वाचून मुलाचे औषध बंद करणाऱ्या एका सुशिक्षित पालकाला मी पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

वैनगंगाकाठ :

आपल्या सर्वांची मी फार ऋणी आहे. एक गोष्ट मला अजून उमगत नाही. औषधाचे कळले, परंतु संसर्ग स्वतः तंतुकणिकांना काही करतो का? भाच्याच्या बाबतीत आजार आणि औषध या दोघांपैकी कोणी किती नुकसान केले, हे वेगळे करता येईल का?

तालुक्याचा_डॉक्टर :

पूर्णपणे वेगळे करता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. रक्तातील जंतुसंसर्ग, मेंदूज्वर, तीव्र कावीळ आणि फार कमी वजन ही स्वतंत्रपणेही बहिरेपणाची कारणे आहेत. या धाग्यावर ज्यांच्या घरी ऐकू न येणारे मूल आहे त्यांनी सुईलाच कारण धरू नये, तपासणी करावी. आपल्या भाच्याचा अहवाल हाती असल्यामुळे त्याच्या बाबतीत औषधाचा वाटा मोठा असण्याची शक्यता मात्र खूप वाढते.

संसर्गात तंतुकणिकांचे काय होते, याची कल्पना गावातल्या डीपीवरून, म्हणजे विजेच्या रोहित्रावरून, करता येईल. भारनियमन संपून वीज आली आणि एकाच वेळी सगळ्या शेतांतील मोटारी सुरू झाल्या, तर डीपीवर ताण येतो; जुनी डीपी असेल तर जळते. तापात शरीराचे तापमान एक अंशाने वाढले तरी ऊर्जेचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, आणि त्याच वेळी मूल जेवत नाही. रक्तातील तीव्र संसर्गात तर ऑक्सिजन पोहोचत असूनही तंतुकणिका तो वापरू शकत नाहीत. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा प्रौढ रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा जे पुढे दगावले त्यांच्या स्नायूंतील ऊर्जा वाचलेल्यांपेक्षा कमी होती. निरोगी मूल वाचले तर या तंतुकणिका नव्याने घडतात आणि ते सावरते.

ज्यांच्या तंतुकणिका जन्मतःच सदोष आहेत अशी मुले साधारण पाच हजारांत एक असतात. त्यांच्यात कधीकधी साधा सर्दी-ताप हाच पहिला धक्का ठरतो. चालणारे मूल तापानंतर चालायचे थांबते, मान धरत नाही, डोळे स्थिर राहत नाहीत. गावात याला "ताप डोक्यात गेला" म्हणतात आणि शोध तेथेच थांबतो. तापानंतर मूल मिळवलेले कौशल्य गमावत असेल, आणि विशेषतः असे एकापेक्षा अधिक वेळा झाले असेल, तर त्याला मेंदूच्या बालतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. अशा मुलांना आजारपणात उपाशी ठेवणे घातक असते. लसीही वेळेवर हव्यात, कारण लस ज्या आजारापासून वाचवते तोच आजार त्यांना अधिक महाग पडतो.

गाविलगड :

उपाशी ठेवण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी मेळघाटात धारणीकडे अंगणवाड्यांबरोबर काम करतो. आमच्याकडे ताप आलेल्या मुलाचे अन्न तोडण्याची पद्धत अजून आहे, आणि ती मायेपोटीच आहे. पोट रिकामे ठेवले की ताप उतरतो असे आजीबाई सांगतात. ज्या मुलाच्या दंडाचा घेर आधीच ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे त्याला असा एक दिवसही परवडत नाही. सुजेच्या कुपोषणात यकृतातील तंतुकणिका खराब झालेल्या असतात, हे शवविच्छेदनांतून पूर्वीपासून माहीत आहे. प्रथिने फार कमी असलेला आहार दिलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या यकृतातही असेच नुकसान २०१६ मध्ये दिसले. म्हणजे ज्या मुलाकडे डीपी आधीच अर्धी जळलेली आहे त्याच्यावरच सर्वाधिक संसर्ग येतात. पोषण पुनर्वसन केंद्रात अशा गंभीर आजारी मुलांना दर दोन तासांनी थोडेथोडे दूध पाजतात, ते याच कारणाने. त्यांना तेथे अनेकदा जेंटामायसिनही द्यावे लागते, म्हणून उपकेंद्राच्या ताईंचा प्रश्न मी आमच्या अंगणवाडीताईंना सांगणार आहे.

चुलबंदखोरे :

भंडारा जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्याकडे २००७ मध्ये चांदीपुरा विषाणूने मुले गेली, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांत प्रथम सापडला, त्यावरून त्याचे नाव पडले. वाळूमाशीच्या चाव्याने तो पसरतो. सकाळी ताप, दुपारी झटके आणि संध्याकाळपर्यंत बेशुद्धी, असे आम्ही पाहिले आहे. माझा प्रश्न झटक्यांच्या औषधांविषयी आणि तापाच्या औषधांविषयी आहे. त्यांतही तंतुकणिकांना अपायकारक अशी काही आहेत काय?

तालुक्याचा_डॉक्टर :

आहेत. झटके थांबवण्याची तातडीची औषधे निर्धास्तपणे द्यावीत; झटका चालू राहणे हे मेंदूला अधिक धोक्याचे आहे. पुढे रोज द्यायच्या औषधांत सोडियम व्हॅल्प्रोएट हे चांगले आणि बहुतांश मुलांना चालणारे औषध आहे. मात्र तंतुकणिकेच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या पीओएलजी या जनुकात दोष असलेल्या मुलांचे यकृत त्याने निकामी होऊ शकते. दोन वर्षांखालील मूल, विकासात मागे पडलेले, झटके आवरत नाहीत, अशा वेळी तज्ज्ञ दुसरे औषध निवडतात. चालू औषध घरच्या घरी बंद करू नये, कारण त्याने झटके उसळतात.

तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, हे आज सर्वांना माहीत आहे. त्याचे कारण थोड्यांना माहीत असते. सिडनीचे डॉ. डग्लस राय यांनी १९६३ मध्ये, फ्लू किंवा कांजण्यांसारख्या आजारातून उठत असलेली मुले अचानक ओकाऱ्या आणि बेशुद्धीत जातात असा एक आजार वर्णिला. त्यात यकृतातील तंतुकणिका सुजून विद्रूप होतात. १९८० मध्ये अमेरिकेत अशी ५५५ मुले नोंदली गेली. ॲस्पिरिनशी असलेला संबंध लक्षात येऊन पालकांना इशारे दिले गेले आणि काही वर्षांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. संसर्ग आणि औषध मिळून तंतुकणिकांचा घात करतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. गावातील किराणा दुकानात मिळणाऱ्या डोकेदुखीच्या पुड्या आणि गोळ्यांपैकी काहींत ॲस्पिरिन असते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे : वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. मात्रा फार वाढली की त्यापासून तयार होणारा विषारी पदार्थ यकृताच्या तंतुकणिकांनाच चिकटतो. अडचण अशी की पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे, अशी दोन्ही औषधे बाजारात आहेत, आणि थेंबांची बाटली तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमची असते. थेंबांचे औषध चमच्याने पाजलेले एक बाळ माझ्याकडे आले होते. सुदैवाने आई बाटली बरोबर घेऊन आली होती, आणि उतारा वेळेत देता आला.

पळसफूल :

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि हिवतापाच्या औषधाने रक्त कमी होणे, यांचा तंतुकणिकांशी संबंध आहे का, असे मला खासगीत एकाने विचारले आहे; त्याचे उत्तर येथेच देते. हिवतापाच्या प्रायमाक्विनने काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, ते तंतुकणिकांमुळे नव्हे. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशी आपल्या तंतुकणिका टाकून देतात. म्हणून स्वतःच्या बचावासाठी त्यांना जी६पीडी या विकरावर अवलंबून राहावे लागते, आणि ते विकर कमी असलेल्यांना प्रायमाक्विन बाधते. सिकलसेलच्या रुग्णांत काही तांबड्या पेशींमध्ये तंतुकणिका मागे राहिलेल्या आढळतात, आणि त्यावर सध्या संशोधन चालू आहे.

उपकेंद्राची_ताई :

आरमोरीच्या ताई, आपण आईला विचारले का?

वैनगंगाकाठ :

विचारले. रविवारी आई, बहीण आणि मी ओसरीत बसलो आणि मी आजीपासून सुरुवात केली. आजीला ऐकू येत होते, परंतु तिच्या पाठचा भाऊ, म्हणजे आईचा सख्खा मामा, तरुणपणी क्षयरोगाच्या सुया घेतल्यानंतर ठार बहिरा झाला होता. आम्ही त्याला लहानपणी पाहिले आहे. त्याला "बहिरेबुवा" म्हणत, आणि वीज कडाडल्याने त्याचे कान गेले असे आम्हाला सांगितलेले होते. सुयांचे आईला आठवत होते, कारण सुया देणारा कंपाउंडर सायकलवर येई. या दोन गोष्टी जोडाव्यात असे साठ वर्षांत कोणाच्या मनात आले नाही.

बहिणीला मी खाच आणि अक्षर यांचे चित्र वहीवर काढून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा समजावून सांगायला लावले. मग ती म्हणाली की हे असेच भाऊजींनाही दाखव, आणि आईच्या मामाचेही सांग. संध्याकाळी मी ते केले. भाऊजी बराच वेळ ते पान बघत बसले आणि नंतर त्यांनी विचारले की धाकटीची तपासणी कधी करायची. धाकटी तीन वर्षांची आहे आणि तिला अजून एकही अशी सुई लागलेली नाही.

सोमवारी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. माझ्या माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहून दिले आहे : "आईच्या वंशात १५५५ बदल. बाळाला जेंटामायसिन, अमिकॅसिन टाळावे. पर्यायी प्रतिजैविक त्वरित द्यावे." शेवटचे वाक्य मी मागून लिहून घेतले, कोरडवाहू दादांचे आठवून. भाच्याच्या अहवालाची छायाप्रत त्याच कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहे, आणि एक आशाताईंकडे दिली आहे, कारण कळा रात्री आल्या तर कार्ड घरी विसरू शकते.